विदा पारेषण दराच्या एककांचे रूपांतरण

दूरसंचाराच्या मार्गावरून एका सेकंदात किती विदा (डेटा) एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, हे सांगणाऱ्या राशीला विदा पारेषण दर म्हणतात. या दराचे मूळ एकक 'बिट प्रति सेकंद' असून व्यवहारात किलोबिट, मेगाबिट, गिगाबिट व टेराबिट प्रति सेकंद ही त्याची पटीतील एकके वापरली जातात. संगणकाच्या साठवणीत मात्र बाइट हे एकक रूढ आहे. त्यामुळे इंटरनेट सेवेची जाहिरात एका एककात, संगणकाच्या पडद्यावर दिसणारा उतरवणीचा वेग दुसऱ्या एककात आणि मासिक मर्यादा तिसऱ्या एककात सांगितलेली असते. या तिन्हींचा मेळ घालणे म्हणजेच एककांचे रूपांतरण. त्यातील गणित प्राथमिक शाळेच्या भागाकारापलीकडे जात नाही. चुका होतात त्या एककांच्या नावांमुळे.

बिट आणि बाइट

बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक निवड. हा शब्द जॉन ट्यूकी यांनी सुचवला आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या संदेशवहनाच्या गणिती सिद्धान्तावरील निबंधामुळे तो सर्वमान्य झाला. बाइट हा शब्द १९५६ मध्ये आयबीएमच्या 'स्ट्रेच' या संगणकाचा आराखडा तयार होत असताना व्हेर्नर बुखहोल्ट्स यांनी योजला. बाइट म्हणजे ८ बिट हे आज गृहीत धरले जाते. परंतु सुरुवातीला तसे नव्हते. यंत्रागणिक एका अक्षराला ५, ६, ७ किंवा ८ बिट लागत. १९६४ मध्ये आयबीएमची 'सिस्टिम ३६०' ही मालिका आली आणि तिच्या प्रसाराबरोबर ८ बिटांचा बाइट पक्का झाला. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकांत संदिग्धता नको म्हणून आजही 'ऑक्टेट', म्हणजे नेमका आठ बिटांचा गट, हा शब्द पसंत केला जातो.

तारमार्गावरून बिट एकामागून एक जातात आणि त्यांचे अक्षरांत गट कसे पाडायचे हे दोन्ही टोकांची यंत्रे ठरवतात. म्हणून दूरसंचार अभियंत्याला बिट हेच भरवशाचे माप वाटले. स्मृतीतील प्रत्येक पत्ता मात्र एका बाइटचा असतो, म्हणून संगणक अभियंता बाइटमध्ये मोजू लागला. आजचा गोंधळ हा या दोन व्यवसायांच्या वेगवेगळ्या सवयींचा वारसा आहे. कंपन्यांनी आकडा मोठा दिसावा म्हणून बिट शोधून काढला, हा समज खरा नाही. तो आकडा मोठा दिसतो याचा लाभ जाहिरातींना आपसूक मिळाला, एवढे मात्र खरे.

दशमान आणि द्विमान उपसर्ग

पारेषण दरांत किलो म्हणजे १,०००, मेगा म्हणजे १०,००,०००, गिगा म्हणजे १०० कोटी आणि टेरा म्हणजे एक लाख कोटी. दूरसंचारातील घड्याळांची वारंवारता किलोहर्ट्झ व मेगाहर्ट्झमध्ये मोजली जात असल्याने येथे उपसर्गांचा दशमान अर्थच पहिल्यापासून चालत आला आहे. मराठी विद्यार्थ्याला एक वेगळी अडचण येते. हे उपसर्ग हजाराच्या पायऱ्यांनी चढतात, तर आपली मोजणी हजारानंतर शंभराच्या पायऱ्यांनी. मेगा म्हणजे एक लाख नव्हे, दहा लाख. गिगा म्हणजे एक कोटी नव्हे, एक अब्ज. एक शून्य हुकले की उत्तर दहापट चुकते, म्हणून लाख-कोटींऐवजी १० च्या घातांकांत हिशेब करणे सोयीचे. (दशगुणोत्तर संज्ञांच्या 'लीलावती'तील यादीत १० च्या बाराव्या घाताला महापद्म म्हटले आहे, टेराला मराठीत जुना प्रतिशब्द हवाच असेल तर तो हा.)

स्मृतीचे गणित निराळे आहे. पत्त्यासाठी १० तारा असतील तर २ चा दहावा घात, म्हणजे १,०२४ स्थाने दर्शवता येतात. ही संख्या हजाराच्या जवळची असल्याने संगणक व्यवसायाने तिलाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. किलोच्या पातळीवर फरक २.४ टक्क्यांचा होता आणि तो कोणाला बोचला नाही. परंतु प्रत्येक पायरीला तो वाढतो: मेगाला ४.८६ टक्के, गिगाला ७.३७ टक्के, टेराला ९.९५ टक्के. हा दुहेरी अर्थ संपवण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये द्विमान पटींसाठी किबी, मेबी, गिबी, टेबी असे स्वतंत्र उपसर्ग संमत केले. १ किबिबाइट म्हणजे १,०२४ बाइट आणि १ मेबिबाइट म्हणजे १०,४८,५७६ बाइट.

हे उपसर्ग अजूनही सर्वत्र रुळलेले नाहीत. विंडोज ही प्रणाली फाइलचा आकार द्विमान पद्धतीने मोजते, पण नाव मात्र 'मेगाबाइट' व 'गिगाबाइट' असेच दाखवते. मॅक संगणकांच्या प्रणालीने २००९ च्या आवृत्तीपासून दशमान मोजणी स्वीकारली. एकच फाइल दोन यंत्रांवर वेगवेगळ्या आकाराची दिसते ती यामुळे. अमेरिकेत या फरकावरून साठवण-तबकड्यांच्या उत्पादकांवर ग्राहकांनी दावे लावले आणि वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६ मध्ये अशा एका दाव्यात तडजोड केली. सर्वांत विचित्र उदाहरण १.४४ मेगाबाइटच्या जुन्या फ्लॉपीचे आहे. तिची क्षमता १,४४० गुणिले १,०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट होती. येथील 'मेगा' दशमानही नाही आणि द्विमानही नाही. तो १,००० आणि १,०२४ यांचा गुणाकार आहे.

रूपांतरणाची रीत

सर्वांत निर्धोक रीत म्हणजे दिलेली प्रत्येक राशी आधी निव्वळ बिट किंवा बिट प्रति सेकंद या रूपात आणणे, मग भागाकार करणे आणि शेवटी हव्या त्या एककात उत्तर लिहिणे. मधल्या पायऱ्या गाळून केलेले हिशेब लवकर होतात, पण आठाने गुणायचे की भागायचे याची चूक तेथेच होते.

बिटांतून बाइटमध्ये जाताना ८ ने भागतात. १०० मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे १२.५ मेगाबाइट प्रति सेकंद. हाच दर द्विमान एककात हवा असेल तर १,२५,००,००० ला १०,४८,५७६ ने भागावे, उत्तर ११.९२ मेबिबाइट प्रति सेकंद येते. उलट दिशेने, उतरवणीच्या खिडकीत ५ मेगाबाइट प्रति सेकंद दिसत असतील तर जोडणीचा प्रत्यक्ष दर ४० मेगाबिट प्रति सेकंद आहे.

विंडोजने ४ गिगाबाइट आकाराची दाखवलेली फाइल १०० मेगाबिट प्रति सेकंद दराने उतरवायची आहे असे समजू. घाईने हिशेब करणारा ४,००० गुणिले ८ भागिले १०० असे करून ३२० सेकंद म्हणेल. प्रत्यक्षात ती फाइल ४ गिबिबाइटची, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइटची आहे. तिचे बिट ३४,३५,९७,३८,३६८ होतात आणि वेळ ३४३.६ सेकंद लागतो. हे २३.६ सेकंद मार्गाच्या मंदपणाचे नाहीत, एककाच्या नावाचे आहेत.

दरावरून एकूण विदा काढायची असल्यास सेकंदांनी गुणावे. पुढील तक्त्यात काही नेहमीचे दर दशमान एककांत दिले आहेत.

| पारेषण दर | बाइटमध्ये, प्रति सेकंद | अखंड एका तासात |
|---|---|---|
| ६४ किलोबिट | ८ किलोबाइट | २८.८ मेगाबाइट |
| ५१२ किलोबिट | ६४ किलोबाइट | २३०.४ मेगाबाइट |
| २ मेगाबिट | २५० किलोबाइट | ९०० मेगाबाइट |
| ४० मेगाबिट | ५ मेगाबाइट | १८ गिगाबाइट |
| १०० मेगाबिट | १२.५ मेगाबाइट | ४५ गिगाबाइट |
| १ गिगाबिट | १२५ मेगाबाइट | ४५० गिगाबाइट |

तक्त्यातील पहिली ओळ भारतीय वाचकाच्या ओळखीची असेल. अनेक मोबाइल योजनांत दिवसाचा ठरलेला डेटा संपल्यावर सेवा बंद होत नाही, तिचा दर ६४ किलोबिट प्रति सेकंदावर येतो. अशा वेळी प्रवेश-अर्जासोबत ५ मेगाबाइटचे कागदपत्र जोडायचे असेल तर ४ कोटी बिट भागिले ६४,००० असा हिशेब होऊन ६२५ सेकंद, म्हणजे १० मिनिटे २५ सेकंद लागतील. संकेतस्थळ दहा मिनिटांनी सत्र संपवणारे असेल तर हा अर्ज कितीही वेळा प्रयत्न केला तरी जाणार नाही. '६४' हा आकडा किलोबाइटचा समजणारा विद्यार्थी ७८ सेकंदांची अपेक्षा ठेवून बसतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हा आठपटीचा फरक केवळ पाठ्यपुस्तकातला राहत नाही. तेच कागदपत्र अर्ध्या मेगाबाइटपर्यंत लहान केले तर काम साधारण ६३ सेकंदांत होते.

मराठी लेखनातील संदिग्धता

रोमन लिपीत बिटसाठी लहान 'बी' किंवा संपूर्ण 'बिट' आणि बाइटसाठी मोठा 'बी' लिहिण्याचा संकेत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने हा संकेत लिप्यंतरात नाहीसा होतो. 'एमबीपीएस' असे लिहिल्यावर ते मेगाबिट की मेगाबाइट, हे कळायला वाक्यात दुसरी कोणतीही खूण उरत नाही. 'केबी', 'एमबी', 'जीबी' यांचीही तीच गत. म्हणून मराठी लेखनात, विशेषतः निविदा, करारपत्रे आणि पाठ्यपुस्तके यांत, आद्याक्षरे टाळून 'मेगाबिट प्रति सेकंद' असे पूर्ण नाव लिहिणे हाच एक खात्रीचा मार्ग आहे. नाव लांब होते हे खरे. पण आठपटीच्या चुकीपेक्षा ते स्वस्त पडते.

बोलीभाषेतील दुसरी सवय म्हणजे 'प्रति सेकंद' गाळणे. 'आमच्याकडे शंभर एमबीचे नेट आहे' या वाक्यातील शंभर हा दर आहे की मासिक मर्यादा, हे केवळ संदर्भावरून ठरते. 'बँडविड्थ' हा शब्दही दराच्या अर्थाने सर्रास वापरला जातो. काटेकोर अर्थाने बँडविड्थ म्हणजे मार्गावर उपलब्ध असलेली वारंवारतांची रुंदी, आणि तिचे एकक हर्ट्झ आहे. तिचे बिट प्रति सेकंदात सरळ रूपांतर होत नाही. त्यासाठी संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर माहीत असावे लागते. दूरध्वनीच्या तारेवर ३,१०० हर्ट्झची रुंदी आणि गोंगाटाच्या हजारपट संकेतशक्ती असेल, तर शॅनन यांच्या सूत्रानुसार कमाल दर सुमारे ३०.९ किलोबिट प्रति सेकंद येतो.

अक्षरे, शब्द आणि बिट

तारायंत्राच्या काळात वेग शब्द प्रति मिनिट असा मोजत. सहा चिन्हांचा, म्हणजे पाच अक्षरे व एक मोकळी जागा यांचा, एक शब्द धरला जाई. टेलेक्सचा दर ५० बॉड होता. प्रत्येक अक्षराला सुरुवातीचे एक, अक्षराची पाच आणि शेवटचे दीड, असे साडेसात कालखंड लागत. ५० भागिले ७.५ म्हणजे सेकंदाला ६.६७ अक्षरे, मिनिटाला ४०० अक्षरे आणि म्हणून ६६ ते ६७ शब्द.

अक्षरांवरून बिट काढताना लिपीची संकेतप्रणाली विचारात घ्यावी लागते. इंग्रजी अक्षराला आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत एक बाइट पुरतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'महाराष्ट्र' या शब्दात काना आणि हलंत चिन्हे धरून १० युनिकोड चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट किंवा २४० बिट. इस्की या भारतीय मानकात हाच शब्द १० बाइटमध्ये मावत असे. मोबाइलवरील लघुसंदेशाची मर्यादा १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट आहे. सात बिटांच्या संकेतात तेथे १६० रोमन अक्षरे बसतात, सोळा बिटांच्या संकेतात ७० देवनागरी चिन्हे. मराठी संदेश अर्ध्या वाटेतच दुसऱ्या संदेशात का ओसंडतो, याचे उत्तर या भागाकारात आहे.

बॉड

बॉड हे एकक फ्रेंच तार अभियंता एमिल बोदो यांच्या नावावरून आले आहे. सेकंदाला किती वेळा संकेताची अवस्था बदलते, हे ते सांगते. एका अवस्थेत एकच बिट सामावत असेल तर बॉड आणि बिट प्रति सेकंद सारखे येतात. सुरुवातीच्या ३०० बिट प्रति सेकंद दराच्या मोडेममध्ये तसेच होते आणि तेव्हापासून दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरण्याची चूक रूढ झाली. पुढच्या मोडेममध्ये एका अवस्थेत अनेक बिट बसवले गेले: ६०० बॉडवर चार-चार बिट पाठवून २,४०० बिट प्रति सेकंद, तर २,४०० बॉडवर तसेच करून ९,६०० बिट प्रति सेकंद. याच्या उलटही घडते. मूळच्या १० मेगाबिट इथरनेटमध्ये प्रत्येक बिटासाठी दोन अवस्था वापरल्या जात, त्यामुळे तेथे बॉड दर बिट दराच्या दुप्पट, २० मेगाबॉड होता. तेव्हा प्रति अवस्था बिटांची संख्या माहीत असल्याखेरीज बॉडचे रूपांतर करता येत नाही.

दूरध्वनी श्रेणीतील दर

दूरसंचारातील काही आकडे प्रथमदर्शनी अनियमित वाटतात; त्यांचा उगम मात्र एकाच संख्येत आहे. दूरध्वनीवरील आवाजाची वारंवारता ४,००० हर्ट्झच्या आत ठेवली जाते. तो पुन्हा अचूक उभा करण्यासाठी सेकंदाला किमान दुप्पट, म्हणजे ८,००० नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणून एका संभाषणाला ६४ किलोबिट प्रति सेकंद.

भारत व युरोपात प्रचलित असलेल्या ई-१ या मार्गात असे ३२ कप्पे असतात. ३२ गुणिले ६४,००० म्हणजे २०,४८,००० बिट प्रति सेकंद. यांतील ३० कप्पे संभाषणाला मिळतात. एक समकालनासाठी व एक संकेतनासाठी राखलेला असतो. दूरध्वनी केंद्रात याला 'दोन एमबी' म्हणतात. २,०४८ हा आकडा पाहून येथे द्विमान मेगा वापरला आहे असे वाटते, तसे नाही. दोन मेबिबिट म्हणजे २०,९७,१५२ बिट होतात, आणि ई-१ त्याहून ४९,१५२ बिटांनी कमी आहे. अमेरिकेतील टी-१ मार्गात २४ कप्पे असून प्रत्येक चौकटीला एक जादा बिट जोडतात. २४ गुणिले ८ अधिक १ म्हणजे १९३ बिट, आणि सेकंदाला ८,००० चौकटी, म्हणून १.५४४ मेगाबिट प्रति सेकंद.

प्रकाशतंतूवरील एसटीएम-१ या पायरीतही चौकटी ८,०००च आहेत. एक चौकट ९ ओळी आणि २७० स्तंभांची, म्हणजे २,४३० बाइटची असते, त्यावरून १५५.५२ मेगाबिट प्रति सेकंद हा दर निघतो. पुढच्या पायऱ्या चौपटीने चढतात: ६२२.०८ मेगाबिट, २,४८८.३२ मेगाबिट, ९,९५३.२८ मेगाबिट. शेवटच्या पायरीला व्यवहारात 'दहा जी' म्हणतात. मुंबई व चेन्नई येथे किनाऱ्याला लागणाऱ्या 'सी-मी-वी ४' या समुद्राखालील तारेची मूळ क्षमता १.२८ टेराबिट प्रति सेकंद होती; तंतूंच्या दोन जोड्या, प्रत्येकीत प्रकाशाचे ६४ रंग आणि प्रत्येक रंगावर १० गिगाबिट, असा तिचा हिशेब आहे. ६४ किलोबिटांची किती संभाषणे एकाच वेळी त्यात मावतील, हे विद्यार्थ्यांना करून पाहता येईल. उत्तर दोन कोटी येते.

एकूण दर आणि उपयुक्त दर

आठाने भागून आलेला आकडाही प्रत्यक्षात पूर्ण मिळत नाही. कारण मार्गावरून केवळ वापरकर्त्याची विदा जात नाही. तिच्यावरचे पत्ते, तपासणीचे अंक आणि मोकळ्या जागाही जातात. इथरनेटच्या एका पूर्ण चौकटीत १,५०० बाइटचा मजकूर असतो. त्याला प्रारंभ-संकेताचे ८, शीर्षकाचे १४, तपासणीचे ४ आणि दोन चौकटींमधील अंतराचे १२ असे ३८ बाइट जोडले जातात. मजकुरातही इंटरनेटच्या दोन थरांची शीर्षके किमान ४० बाइट घेतात. म्हणून १,५३८ बाइट पाठवल्यावर १,४६० बाइट हाती लागतात, म्हणजे ९४.९ टक्के. १०० मेगाबिटांच्या मार्गावर फाइल सेकंदाला १२.५ मेगाबाइट नव्हे, जास्तीत जास्त ११.८७ मेगाबाइट वेगाने उतरते. बिनतारी जाळ्यात ही घट याहून बरीच अधिक असते.

काही मार्गांत ८ ऐवजी १० ने भागणे योग्य ठरते. जुन्या क्रमिक जोडणीत प्रत्येक बाइटला आरंभाचा व अंताचा एकेक बिट लागे, त्यामुळे ९,६०० बिट प्रति सेकंद म्हणजे ९६० बाइट प्रति सेकंद. साठवण-तबकडीच्या ६ गिगाबिट साटा जोडणीत आठ बिट दहा बिटांच्या संकेतात गुंफून पाठवतात. म्हणून तेथे उपयुक्त दर ७५० नव्हे, ६०० मेगाबाइट प्रति सेकंद आहे.

भारतातील ब्रॉडबँडची व्याख्या

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत सामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून मिळणारा दर ९.६ किलोबिट प्रति सेकंद होता. त्या दराने एक मेगाबाइट उतरवायला सुमारे १४ मिनिटे लागत. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट प्रति सेकंद किंवा त्याहून अधिक दराच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले. २०१२ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात ही मर्यादा ५१२ किलोबिट आणि पुढे २०१५ पर्यंत २ मेगाबिट करण्याचे उद्दिष्ट होते. पहिली वाढ २०१३ मध्ये झाली. दुसरी जानेवारी २०२३ मध्ये. अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने २०२४ मध्ये उतरवणीसाठी १०० मेगाबिट व चढवणीसाठी २० मेगाबिट प्रति सेकंद ही मर्यादा ठरवली.

या सर्व व्याख्या बिटांत आहेत. भारतातील आजची किमान मर्यादा बाइटमध्ये मांडली तर ती २५० किलोबाइट प्रति सेकंद होते, आणि विंडोजच्या पडद्यावर तीच सुमारे २४४ दिसते.